सतरा नंबरचं विधान

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममधला एकही पुरुष बायकांना कमी लेखत नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही, माझ्याकडे लेखी पुरावा आहे. तीस विधानांची प्रश्नावली, प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी, आणि सगळ्या सद्गृहस्थांच्या खुणा नेमक्या जिथे असायला हव्यात तिथे. बाईने घरीच बसावं? पूर्ण असहमत. मोठे निर्णय पुरुषांनीच घ्यावेत? पूर्ण असहमत. भरलेला कागद माझ्या हातात देता देता त्यातलेच एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मॅडम, शुक्रवारच्या पाहुण्यांसाठी रांगोळी आणि औक्षणाचं तुम्ही लेडीज बघाल ना? आम्हाला त्यातलं काय कळतं!”

मी हो म्हणाले. वर हसलेसुद्धा. मग त्यांचा कागद फाइलला लावला आणि शुक्रवारी सकाळी साडेआठला रंगांचे डबे घेऊन कॉलेजच्या दारात उकिडवी बसले.

तेव्हा मी चाळिशी ओलांडून पीएचडी करत होते. हौस म्हणून नव्हे, पुढची बढती त्यावाचून अडली होती म्हणून. शिकवते मानसशास्त्र, त्यामुळे विषयही तसाच घेतला होता. स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह मोजणारी मराठी प्रश्नावली तयार करायची आणि ती भरवशाची आहे हे दाखवून द्यायचं. भरवशाची म्हणजे बाजारातल्या तराजूसारखी. तीच वांगी आज किलोभर आणि उद्या पाऊण किलो भरली तर तराजू मोडीत काढायचा. तसंच एका माणसाला एकदा कागद द्यायचा, वीस दिवसांनी पुन्हा तोच द्यायचा आणि दोन्ही वेळची उत्तरं जुळली की आपण खूश. माणूस खरं सांगतोय की खोटं, हा प्रश्न तिथे येतच नाही. खोटं सांगायचं तर दोन्ही वेळा सारखंच सांगा, एवढी माफक अपेक्षा. मला हे तेव्हाही खटकायचं, पण खटकण्याचे मार्क मिळत नाहीत.

स्टाफरूमचे कागद बघून माझे गाईड सर वैतागले. “सगळेच साधुसंत? असा डेटा घेऊन काय करायचं? पनवेलच्या पुढे, कोन गावाच्या बाजूला वगैरे जा. तिथे मिळेल तुम्हाला.”

“काय मिळेल सर?”

“व्हेरिएशन हो.”

म्हणजे पूर्वग्रह ही गावठी अंडी. अस्सल हवी असतील तर गावातच जायचं. मनात आलं की आधी सरांनाच एक कागद भरायला द्यावा. पण सरांच्या सहीशिवाय माझं पान हलत नव्हतं.

गाव मिळवून दिलं ते आमच्या लायब्ररीतल्या ताईने. पुस्तकांना लेबलं चिकटवणं, रजिस्टरमध्ये नोंदी करणं, मुलांनी कुठेही खुपसलेली पुस्तकं जागेवर लावणं, हे तिचं काम. पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जुन्या पनवेलमध्ये भाड्याच्या एका खोलीत ती आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी, दोघीच. तिचं माहेर कोनच्या अलीकडच्या एका गावात. “माझे दोन भाव हायत तिथं,” ती म्हणाली. “दादूसला सांगते. त्याचा शब्द गाव ऐकतो. तुमी फक्त जेवायला नाय म्हनू नका.” दादूस म्हणजे तिचा थोरला भाऊ.

रविवारी आम्ही दोघी गेलो. दादूसचं घर दुमजली, पुढे फरशीचा लांबलचक ओटा, ओट्यावर झोपाळा. माणूस एकदम अगत्याचा. मी फाइल बाहेर काढली मात्र, त्याची नजर बदलली. त्या भागात दोन पिढ्या फाइल घेऊन जो कुणी ओट्यावर आला तो जमिनीसाठीच आला. रस्ता आला, रेल्वे आली, विमानतळ आला, आणि प्रत्येकाच्या आधी एक फाइल आली. त्यामुळे घरातल्या कागदांना हात लावायचा तो फक्त थोरल्याने, असा तिथला शिरस्ता आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकात हा शिरस्ता कुठे दिलेला नाही. मला तो ओट्यावर बसल्यावर कळला.

मी पाच कागद मोजून दिले. दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि ताई. दादूसने पाचही आपल्याकडे घेतले, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

“सगल्यांचं एकदमच भरून देतो.”

“नाही हो, ज्याचं त्याने भरायचं. प्रत्येकाचं मत वेगळं असतं ना.”

“आमच्या घरात वेगलं मत नाय कुनाचं, मॅडम,” तो अभिमानाने म्हणाला. “एकच हाय.”

त्याच्या हातून चार कागद सोडवायला मला अर्धा तास लागला. दोघी जावांनी आपापले स्वयंपाकघरात नेले आणि तिथून भांड्यांचे आवाज येत राहिले. धाकटा भाऊ ओट्याच्या कडेला बसून भराभर खुणा करत सुटला. बाईने नोकरी करावी, पूर्ण सहमत. तीन विधानं सोडून खाली, बाईने नोकरी करू नये, पूर्ण सहमत. अशी उलटसुलट विधानं आम्ही मुद्दाम पेरतो, माणूस नुसतं हो ला हो करतोय का ते कळावं म्हणून. मी त्याला दोन्ही खुणा दाखवल्या. त्याने दोन्ही विधानं शांतपणे पुन्हा वाचली आणि म्हणाला, “दोनी बरोबर हायत, मॅडम. बाई कंची हाय त्याच्यावर हाय ते.” खरं सांगायचं तर त्या दिवसभरात ऐकलेलं तेच सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं, आणि माझ्या पाच चौकटींत त्याला जागा नव्हती.

नऊ नंबरचं विधान होतं, ‘पुरुषाने बाईला जड काम करू देऊ नये.’ हा गोड पूर्वग्रह. बाईला नाजूक म्हणायचं, जपायचं आणि जपता जपता घरात बसवायचं. दादूसने ते मोठ्याने वाचून ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. “बाईला जपायचं, यात वाईट काय हाय?” त्याने मला विचारलं. तेवढ्यात फाटकाशी गॅसची गाडी थांबली. त्याची बायको आतून पदर खोचत आली, भरलेला सिलिंडर आडवा पाडून अंगणातून गडगडत आणला, तीन पायऱ्या चढवला आणि आमच्या दोघांच्या पायांजवळून आत नेला. दादूसने पाय वर घेतले. मीही घेतले. माझी पुढची नोंद मी त्याच स्थितीत केली.

मग सतरावं विधान आलं. ‘वडिलांच्या जमिनीत बहिणीला भावाइतकाच वाटा असावा.’

पेन थांबलं. धाकट्याचंही थांबलं. “यो प्रश्न कुनी घातला?” दादूसने विचारलं.

“मीच.”

“कोर्टाचा हाय का?”

“नाही हो. कॉलेजचा. नुसतं मत विचारायचं.”

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे ताई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. “आमची बाय सही देनारच हाय,” तो मला म्हणाला, पण बोलला तिच्याकडे बघून. “तिचं काय म्हननं नाय.” सही म्हणजे हक्कसोडाची. बहिणीने रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचा कागद करून द्यायचा, भावाने साडी घ्यायची, गोडधोड खाऊ घालायचं, आणि माहेर अभंग राहतं. दादूसने ‘पूर्ण असहमत’वर खूण केली, धाकट्याने त्याच्या कागदात डोकावून तशीच केली. स्वयंपाकघरातून आलेल्या दोन्ही कागदांवर सतरापुढच्या चौकटी कोऱ्या होत्या.

ताईने तिथे कागद भरलाच नाही. “मी उद्या लायब्ररीत भरते,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला मासिकांच्या कपाटामागे बोलावलं. “यावर नाव नाय ना?”

“नाव नाही. फक्त नंबर. तुमचं उत्तर कुणाला म्हणजे कुणालाही कळणार नाही,” मी म्हणाले. हे वाक्य मला पाठच होतं, शंभर वेळा म्हटलेलं. कागदाच्या कोपऱ्यात घराचा क्रमांक आणि पुढे घरातल्या माणसाचा वयाप्रमाणे नंबर, ही पद्धत मीच शोधली होती. दोन वेळचे कागद जुळवायला सोपं जावं म्हणून. या पद्धतीचा मला अभिमानही होता.

तिने उभ्यानेच सगळं भरलं. सतरापुढे ‘पूर्ण सहमत’. पेन इतकं दाबलं होतं की खूण मागच्या बाजूने हाताला लागत होती. कागद देताना ती हळूच बोलली. “घराच्या मागं जागा हाय, मॅडम. एक खोलीपुरती मागायची हाय मना. जास्ती काय नको. पोरीचं लगीन झालं का मी कुठं जानार? भाड्याच्या खोलीत म्हातारपन काढायचं का?” भावाला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. सहीचा विषय निघाला की वर्षानुवर्षं ‘देते, बघू’ म्हणून ती वेळ मारून नेत होती. तिच्या मनातलं जगात पहिल्यांदा कुठे उमटलं असेल तर ते माझ्या कागदावर.

वीस दिवसांनी मी दुसऱ्या फेरीसाठी गेले. ताईला सुट्टी नव्हती, मी एकटीच होते. दादूसच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि हळदीचा मांडव उभा राहत होता. तिकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा, आणि त्यात नवरदेवाला पहिली हळद लावायचा मान आत्याचा. ताई महिनाभर त्याच आनंदात होती. पिवळं लुगडं घेऊ की हिरवं, हे तिने मलाही दोनदा विचारलं होतं.

मी कोरे कागद वाटले. पहिल्या फेरीचे भरलेले कागदही फाइलीत बरोबर आणले होते, नंबर जागच्या जागी ताडून बघावेत म्हणून. “मॅचिंगमध्ये घोळ नको,” असं सरांनी बजावलं होतं. इतक्यात दादूसची बायको आतून हाक मारायला लागली. बोंबील तळून तयार होते, तांदळाच्या भाकऱ्या गरम होत्या. जेवायला नाही म्हणायचं नाही, हे कबूल केलेलं. मी उठले आणि जेवायला गेले. फाइल झोपाळ्यावर.

पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवते आहे, की उत्तर देणाऱ्याची गोपनीयता म्हणजे संशोधनाचा प्राण. परीक्षेला प्रश्न असतो तो, पाच मार्कांचा. आणि मी बोंबील खात होते.

हात पुसत बाहेर आले तर फाइल दादूसच्या मांडीवर. पाच जुने कागद त्याने झोपाळ्यावर नंबराप्रमाणे मांडले होते. कोपऱ्यात घराचा क्रमांक त्याचाच, त्यामुळे फार डोकं लढवायची गरजच नव्हती. “आमच्या चौघांचं मना म्हाईत हाय,” तो म्हणाला. “यो पाचवा.”

मी काहीतरी बडबडले. हे गुप्त असतं, हे नुसतं मत असतं, याचा जमिनीशी संबंध नाही. त्याने मला पूर्ण बोलू दिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. “तुमचा काय दोष नाय, मॅडम,” तो म्हणाला. “तुमी तुमचं काम केलं. इतकी वर्सं इचारतोय बायला, ती बोलत नव्हती. आता कललं तिच्या मनात काय हाय ते.” मग त्याने कागद नीट एकावर एक रचले, फाइलीत घातले आणि दुसऱ्या फेरीचे चार कागद भरून माझ्या हातात दिले. मी रिक्षात ते पाहिले. चारही पहिल्या फेरीशी तंतोतंत जुळत होते. सतरापुढच्या कोऱ्या चौकटीसुद्धा.

ताईला मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कदाचित तो काही बोलणार नाही, अशी स्वतःची समजूत घालत मी तीन दिवस लायब्ररीकडे फिरकले नाही. त्या तीन दिवसांचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. फाइल विसरणं हा गलथानपणा होता, हे मात्र ठरवून केलेलं होतं.

चौथ्या दिवशी, हळद होऊन गेल्यावर, मी गेले. “कशी झाली हळद?” मी विचारलं. विचारायलाही लाज वाटत होती.

“झाली.” ती पुस्तकांवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, “पयली हलद चुलत आत्याने लावली. मना कोन काय बोल्लं नाय. वहिनीने पानी दिलं, बसायला खुर्ची दिली. पावन्यासारखी बसून आले.” तिने फडका झटकला. “झाकली मूठ होती, मॅडम. होती तवर सगले ‘आमची बाय, आमची बाय’ करत होते.”

मी माफी मागितली. तिने ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. तिने वेगळंच विचारलं. “माझा दुसरा कागद राहिलाय ना?”

मी नको म्हणायला हवं होतं. पण तिच्या कागदावाचून ते घर अपुरं राहत होतं, आणि मी, सांगायला शरम वाटते, पिशवीतून कागद काढून दिला. या वेळी ती टेबलाशी बसून भरत होती. सगळी उत्तरं दादूससारखी. सतरापुढे पूर्ण असहमत.

“ताई, खरं असेल ते लिहा ना. आता हा कुणी बघणार नाही.”

“खरं पयल्यांदा लिवलं,” ती म्हणाली. “पोरीच्या लग्नात मामा नको का उभा? मामाशिवाय अंतरपाटाजवल कोन नेनार तिला?”

पुढच्या आठवड्यात तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी परत आली ती हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी घेऊन. रजिस्ट्रार ऑफिसात फोटो काढला, अंगठा घेतला, दहा मिनिटांत झालं म्हणाली. दादूसने बाहेर आल्यावर पेढा भरवला. आता सगळं पहिल्यासारखं आहे, असंही म्हणाली. मग पिशवी टेबलाखाली ठेवून ती परत आलेली पुस्तकं लावायला गेली.

महिन्याभराने मी सगळे आकडे घेऊन सरांकडे गेले. सरांनी यादीवर बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबले. “ही कोण? पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी भलतंच. इनकन्सिस्टंट आहे. काढून टाका.”

“सर, या सगळ्यांत खरं बोललेली तीच एक आहे.”

“ते मोजायला निघालो नाहीये आपण.”

“पण तिचं उत्तर का बदललं ते मला माहीत आहे.”

“मग लिहा तसं,” सर म्हणाले. “लिहा की तुम्ही फाइल झोपाळ्यावर ठेवून जेवायला गेलात. बघू कमिटी काय म्हणते ते.” हे मीच त्यांना सांगितलं होतं, मन मोकळं करायला.

मी ती ओळ काढली. संगणकावर ओळ निवडायची आणि एक बटण दाबायचं. रांगोळी न कळणारे सहकारी राहिले, जड काम न करू देणारा दादूस राहिला, त्याच्यावरून नक्कल करणारा धाकटा राहिला. माझ्या सगळ्या प्रश्नावलीत जिच्या उत्तराने तिच्या आयुष्यात काही इकडचं तिकडे झालं, अशी एकच बाई होती, आणि तिचे दोन्ही कागद बाद. भरवशाचा आकडा लगेच सुधारला. सरांनी खूश होऊन चहा मागवला. मी तो प्यायले. आणि तो चांगला लागला, याचीही मला चीड येते.

डिग्री मिळाली, बढती मिळाली. प्रबंधाची बांधीव प्रत कॉलेजच्या लायब्ररीला द्यावी लागते, ती मी घेऊन गेले. नोंद करायला ताईच होती. तिने रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, नंबर टाकला आणि लेबल लावायच्या आधी पानं चाळायला लागली. नववी शिकलेली बाई, पण लायब्ररीतली मराठीची कपाटं तिने एकेक करून वाचून काढली होती. “इंग्रजीत हाय सगलं,” ती जरा हिरमुसून म्हणाली. मग आकड्यांचा एक तक्ता लागला, तिथे ती थांबली.

“यात आमच्या घरातले हायत?”

“आहेत.”

“मी पन?”

“हो.”

तिने तक्त्यावर हात ठेवला. कुठल्या ओळीवर ठेवायचा ते तिला माहीत नव्हतं, म्हणून सबंध पंजा ठेवला. “माझा पयला कागद घेतला का दुसरा?”

“पहिला,” मी म्हणाले.

“बरं केलंत, मॅडम,” ती म्हणाली.